स्नेक प्लांट सारखा कुजतो, मांजर सारखं चावतं: दोन्ही तक्रारींचा एकत्र बंदोबस्त

ही तक्रार बहुतेक घरांत एकाच क्रमानं घडते. स्नेक प्लांटची कुंडी दिवाणखान्यात जमिनीवर असते. मांजर पानांच्या कडा कुरतडतं आणि एखाद्या दिवशी फेसाळ उलटी करतं. घाबरून कुंडी कपाटावर जाते. दीड-दोन महिन्यांत पानं बुडाशी पिवळी आणि मऊ पडून एकेक करून कलंडतात. मग उजेड हवा म्हणून झाड पुन्हा खाली खिडकीपाशी येतं आणि मांजर पुन्हा पानांपाशी. मधल्या काळात माती बदलून होते, बुरशीनाशक घालून होतं, कडू फवारा मारून होतो. तरी सहा महिन्यांनी परिस्थिती तीच.

कारण सरळ आहे. जनावरापासून झाड लांब ठेवण्यासाठी निवडलेली जागा झाडाला मानवत नाही आणि झाडाला मानवणारी जागा जनावराच्या टप्प्यात असते. म्हणून जागा, माती, पाणी आणि मांजराची चघळायची गरज या चारही गोष्टी एका वेळी नीट कराव्या लागतात. एक सुधारून तीन तशाच ठेवल्या तर तक्रार परत येणारच.

जनावरानं आत्ताच पान खाल्लं असेल तर

आधी हे वाचा, झाडाचं नंतर पाहू.

तोंडात किंवा दाढांपाशी पानाचा तुकडा अडकला असेल तर काढून टाका. ओल्या सुती फडक्यानं जीभ आणि हिरड्या पुसा, समोर ताजं पाणी ठेवा. किती पान पोटात गेलं याचा अंदाज घ्या. खाली पडलेले तुकडे कुरतडलेल्या पानाला लावून पाहिले की गायब भाग लगेच कळतो. झाडाचा आणि पानाच्या नक्षीचा फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना "हिरवं उंच झाड" असं सांगून काही उपयोग होत नाही.

स्नेक प्लांटच्या पानात आणि कंदात सॅपोनिन असतात. रिठ्याला फेस येतो तो याच गटातल्या द्रव्यांमुळे. जठर आणि आतड्याच्या आतल्या अस्तराला ती झोंबतात, पण आतड्यातून रक्तात फारशी शोषली जात नाहीत. त्यामुळे त्रास बहुधा पोटापुरता राहतो: लाळ गळणं, पंजानं तोंड पुसत राहणं, उलटी, पातळ शी, खाण्यावरची वासना जाणं. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या यादीत हे झाड कुत्रा आणि मांजर या दोघांसाठी विषारी म्हणून नोंदलेलं आहे आणि मळमळ, उलटी, जुलाब ही लक्षणं दिलेली आहेत. कडा कुरतडणारं मोठं, निरोगी मांजर बहुतेक वेळा एक-दोन उलट्या करून दिवसभरात पूर्ववत होतं. चवही कडवट असल्यानं ते फार खात नाही.

कुत्र्याच्या पिल्लाचं गणित वेगळं आहे. दात येण्याच्या वयात, म्हणजे साधारण चार ते सात महिन्यांत, ते अख्खं पान फाडून गिळू शकतं. या गटातल्या झाडांच्या पानांत चिवट वाख असतो, पूर्वी त्याच्या दोऱ्या आणि धनुष्याच्या प्रत्यंचा वळल्या जात. तो लांब तुकड्यांत गिळला गेला तर लहान आतड्यात गुंता होण्याची भीती असते. पान खाल्ल्याला दिवस उलटला तरी उलट्या चालू आहेत, पोट ताठ आहे आणि शी झालेली नाही, तर विषबाधेइतकाच अडथळ्याचाही संशय घ्यायला हवा.

घरी काय करायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नका. रक्तातलं सोडियम चढून पानापेक्षा मोठा धोका उभा राहतो. हायड्रोजन पेरॉक्साइड मांजराला अजिबात नको, जठराला जखमा होतात. तूप, तेल किंवा ताक जबरदस्तीनं ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. दुधानं विष उतरतं हा समज चुकीचा आहे. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही, त्यामुळे जुलाब वाढतात आणि मूळ लक्षणं कुठली ते कळेनासं होतं. पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला जीवघेणी ठरते, अर्धीसुद्धा देऊ नका.

उलट्या थांबल्यावर दोन-तीन तासांनी थोडंसं साधं उकडलेलं चिकन द्या, कुत्र्याला त्यात मऊ भात मिसळा. मीठ, हळद, कांदा, लसूण काही घालू नका. कांदा आणि लसूण दोघांच्याही लाल रक्तपेशींना मारक आहेत.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या: तीनपेक्षा जास्त उलट्या, उलटीत किंवा शीत रक्त, प्यायलेलं पाणीही बाहेर पडणं, सुस्त पडून राहणं, तोंडाला सूज, श्वासाला त्रास. सहा महिन्यांखालचं पिल्लू, म्हातारं किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेलं जनावर असेल तर एवढं होईपर्यंतही थांबू नका. शरीरातलं पाणी कमी झालंय का हे घरी पाहता येतं. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी चिकट लागते आहे आणि रंग परतायला उशीर होतोय, तर सलाइनची गरज असू शकते. मांजरानं चोवीस तास काहीच खाल्लं नसेल तर तेही दाखवण्याचं कारण आहे, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून वेगळाच आजार सुरू होतो. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि तिथलंच पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचं आणि शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे जनावरांवर उपचार होतात. आपल्या भागात रात्री कोण उपलब्ध असतं ते मात्र आधीच विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवा. अशा वेळी शोधत बसायला कुणाला सुचत नाही.

ससा पाळला असेल तर लक्षात ठेवा की त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे त्यानं पान खाल्लं तर थेट डॉक्टरांकडेच. घरात माशांची टाकी असेल तर तिच्यात या झाडाची कापलेली पानं टाकू नका. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतात.

पान बुडाशी का मऊ पडतं

हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण भागातलं, नायजेरियापासून काँगोपर्यंतचं. सान्सेव्हिएरिया ट्रायफॅसियाटा हे जुनं नाव, आता त्याला ड्रॅसिना ट्रायफॅसियाटा म्हणतात. नर्सरीत दोन्ही नावांनी मिळतं. पाणी ते जाड पानांत आणि मातीखालच्या कंदात साठवतं, आणि पानावरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतं. त्यामुळे दिवसाच्या उन्हात त्याचं पाणी फार कमी उडतं. तुळस किंवा जास्वंद जितकं पाणी दोन दिवसांत ओढते, तेवढं ओढायला याला काही आठवडे लागू शकतात. मधल्या काळात कुंडीतलं पाणी तसंच राहिलं की मुळांभोवतीची हवा संपते, मुळं गुदमरतात, आणि मेलेल्या मुळांवर पिथियम, फायटोप्थोरा, फ्युझेरियम यांसारख्या रोगकारकांचं आणि सडवणाऱ्या जिवाणूंचं फावतं. कूज कंदात चढते, तिथून पानाच्या बुडाशी येते. आपल्याला दिसतं ते सगळ्यात शेवटी.

म्हणून उपाय करण्याआधी निदान करा. पान मातीलगत अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबा.

बूड मऊ, पिवळं, पाणचट, आणि वास आंबूस किंवा कुजकट असेल तर ही कूज. आजच कुंडी रिकामी करा.

बूड टणक आणि हिरवं आहे, पण पान बाहेर कलतंय, नवीन पानं अरुंद आणि लांबुडकी येतायत: हा उजेडाचा प्रश्न. पाणी कमी करून काही होणार नाही.

पानावर उभ्या सुरकुत्या आहेत, कडा आत वळतायत, माती तळापर्यंत कोरडी आहे: तहान. भरपूर पाणी द्या, आठवडाभरात पान भरून येतं.

सुरकुत्या आहेत पण माती ओली आहे: इथे बहुतेकांची गफलत होते. झाड तहानलेलं दिसतं म्हणून आणखी पाणी घातलं जातं. खरं तर मुळं मेलेली असतात आणि ओल्या मातीतूनही पाणी वर चढत नाही. इथे पाणी घातलं की उरलेला कंदही जातो.

नुसती टोकं तपकिरी आणि कोरडी असतील तर काळजीचं काही नाही. कधी फार कोरडं कधी फार ओलं असं झालं, किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार मातीत साठले की असं होतं.

आणखी एक प्रकार हमखास नजरेतून सुटतो. "महिनाभर पाण्याचा थेंब घातला नाही, तरी कुजतोय." अशा वेळी माती हुंगून पाहा. अमोनियाचा उग्र दर्प आला तर मांजर कुंडीत मुतत आहे, किंवा बाल्कनीतल्या कुंडीवर कुत्रा पाय वर करतोय. मूत्रातल्या क्षारांनी आणि युरियानं मुळं भाजतात, शिवाय माती ओलीही राहते. ही माती धुऊन वाचत नाही, पूर्ण बदलावी लागते. आणि मांजर कुंडीचा संडास करतं तेव्हा त्याच्या ट्रेचं काहीतरी बिनसलेलं असतं. एका मांजराला दोन ट्रे, दोन मांजरांना तीन, रोज साफ आणि खाण्याच्या जागेपासून दूर. नर मांजर वारंवार बसतंय आणि थेंबथेंबच होतंय, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. ही तातडीची बाब आहे, तेव्हा कुंडी सोडून डॉक्टर गाठा.

कुजलेलं झाड वाचवण्याची पद्धत

काम सुरू करण्यापूर्वी मांजर-कुत्रा दुसऱ्या खोलीत बंद करा. कापलेल्या पानातून आणि कंदातून रस गळतो आणि सॅपोनिन त्यातच असतात. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरा, हातमोजे घाला.

१. कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढा. माती चिकट असेल तर पाण्याच्या धारेखाली धुवा. निरोगी मूळ पिवळसर ते नारिंगी आणि ताठ असतं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं असतं आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी सुटून येते, आत नुसता दोरा उरतो.

२. सुरी सर्जिकल स्पिरिटनं पुसा. कंद टोकापासून चकत्या काढत कापत जा. कापलेली बाजू तपकिरी दिसते तोवर पुढे जा, आतून स्वच्छ आणि टणक गर लागला की थांबा. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा, नाहीतर कूज आपणच पुढे नेतो.

३. ज्या पानांचं बूड मऊ आहे ती ठेवू नका. वरचा टणक भाग छाटकलमासाठी वेगळा काढा.

४. उरलेला कंद सावलीत, हवेशीर जागी सुकवा. उन्हाळ्यात तीन-चार दिवस, पावसाळ्यात पंख्याखाली सहा-सात दिवस. कापलेल्या जागेवर कोरडी खपली धरली पाहिजे. दालचिनी किंवा हळद लावली तरी चालते, पण खरं काम सुकवण्यानंच होतं.

५. कोरड्याच मिश्रणात लावा. कंद जेमतेम झाकेल इतकंच खोल, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर. लावल्यावर आठ-दहा दिवस पाणी नाही.

बुरशीनाशकाबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण दुकानात पहिली पुडी कार्बेंडाझिमची हातात येते. पिथियम आणि फायटोप्थोरावर कार्बेंडाझिम चालत नाही, ती खऱ्या अर्थानं बुरशीच्या वर्गातली नाहीत. म्हणजे अशा वेळी औषध वाया जातं, आणि माती उकरणाऱ्या, पंजे चाटणाऱ्या जनावराच्या घरात एक रसायन मात्र राहून जातं. घरातल्या एक-दोन कुंड्यांसाठी कापणं, सुकवणं आणि माती बदलणं एवढ्यानं भागतं.

छाटकलमासाठी पानाचे आठ-दहा सेंटिमीटरचे तुकडे करा, खालची बाजू कुठली ती लगेच खूण करून ठेवा. उलटं लावलं तर मूळ फुटत नाही. चार-पाच दिवस सुकवून ओलसर रेतीत दोन-तीन सेंटिमीटर रोवा. मुळं यायला महिना-दोन महिने, नवा फुटवा दिसायला त्याहून बराच वेळ. पिवळ्या काठाच्या जातीत पानापासून केलेली रोपं पूर्ण हिरवी येतात. पिवळा काठ हवा असेल तर कंदाची फाळणी हाच मार्ग. ही कलमं जनावर जात नाही अशा खोलीत ठेवा.

माती, कुंडी आणि पाणी

आपल्याकडे नर्सरीतलं रोप दोन प्रकारच्या गोळ्यात मिळतं. एक, चिकट लाल मातीचा घट्ट गोळा. दुसरं, निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. दोन्ही घरात त्रास देतात. लाल मातीचा गोळा मध्यभागी आठवडेच्या आठवडे ओला राहतो, तर कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं आणि तळाशी पिळलं तर पाणी निघतं. रोप आणल्यावर पंधरवड्यात गोळा मोकळा करून स्वतःचं मिश्रण घाला.

मिश्रण असं: दोन भाग लाल माती, दोन भाग विटांचे तुकडे किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे), एक भाग गांडूळखत. विटांचे तुकडे ५ ते ८ मिलिमीटरचे हवेत, आणि चाळून त्यातली पूड फेकून द्यायची. ती पूडच पोकळ्या बुजवते. बांधकामाची क्रश सँड घेतली तर तीही धुऊन घ्या. समुद्राची वाळू नको, त्यात मीठ असतं. तळाशी खडीचा जाड थर दिला की निचरा सुधारतो, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही. मातीच्या खालच्या भागात ते अडून राहतं, म्हणजे ओला पट्टा उलट वर, मुळांजवळ सरकतो. छिद्रावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे.

कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवी, जास्त नको. मोठ्या कुंडीत रिकाम्या मातीतलं पाणी ओढायला मुळंच नसतात. मातीची, न रंगवलेली कुंडी सर्वांत बरी, कारण ती बाजूंनीही सुकते. शोभेच्या सिरॅमिक कुंडीत प्लॅस्टिकची कुंडी बसवली असेल तर ती उचलून तळ पाहा. बऱ्याच घरांत कुजण्याचं सगळं उत्तर तिथे साचलेल्या दोन बोटं पाण्यात मिळतं.

पाणी कधी घालायचं हे वारावर ठरवू नका. बांबूची काडी तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. माती चिकटून आली किंवा काडी गालाला गार लागली तर थांबा. कोरडी निघाली तर १५ सेंटिमीटरच्या कुंडीला साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर, खालून निथळेपर्यंत, आणि पंधरा मिनिटांनी बशीतलं पाणी ओतून टाका. रोज अर्धा कप घालण्याची सवय सर्वांत वाईट. पाणी पानांच्या बेचक्यात ओतू नका. ठेंगण्या, पेल्यासारख्या जातीत ते तिथे साचून मधला कोंब सडतो.

अंदाजासाठी: पुण्यात एप्रिल-मेमध्ये उजेडातल्या झाडाला दहा-बारा दिवसांनी, थंडीत तीन आठवड्यांनी. मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबर घरातल्या कुंडीला महिन्यातून एकदा पाणी, काही वर्षी तेवढंही लागत नाही. विदर्भात उन्हाळा कडक असला तरी खोलीत कूलर चालत असेल तर हवा दमट राहते, आणि कूलरच्या झोतातली कुंडी वाटते तितकी लवकर सुकत नाही. तिथे काडीवरच विश्वास ठेवा.

जागा: मांजर पोचणार नाही, उजेड पोचेल

"कमी उजेडात जगतं" याचा अर्थ अंधारात वाढतं असा होत नाही. कमी उजेडात झाड आणखी कमी पाणी ओढतं, म्हणून कपाटावर नेलेली कुंडी जुन्या सवयीनं पाणी मिळत राहिली की कुजते. खिडकीच्या वरच्या चौकटीपेक्षा उंच जागी आकाशाचा उजेड जवळजवळ जातच नाही. परीक्षा सोपी आहे. दुपारी बाराला पानावर हात धरा. हाताच्या सावलीची कड ओळखू आली पाहिजे.

उंचीवर फार भिस्त ठेवू नका. धडधाकट मांजर दीड मीटर सहज उडी मारतं, आणि फ्रिज, टीव्हीचं युनिट, सोफ्याची पाठ या तर त्याच्या पायऱ्याच. छताच्या हुकाला टांगायचं असेल तर खिडकीपासून मीटरभराच्या अंतरातच टांगा आणि कुंडीच्या आजूबाजूला दीड मीटरच्या आत उडी मारण्याजोगं काही ठेवू नका. टांगायला ठेंगणी जात घ्या, पाण्यासकट दोन-तीन किलोपेक्षा जड होऊ देऊ नका.

मुंबईच्या फ्लॅटमधलं खिडकीबाहेरचं बॉक्स ग्रिल ही उत्तम जागा आहे: आतून डासांची जाळी सरकवली की मांजर आत, झाड बाहेर, उजेड भरपूर. फक्त दोन गोष्टी. जूनच्या पहिल्या पावसाआधी वर पारदर्शक पत्रा लावा किंवा कुंडी आत घ्या, चार महिने थेट पाऊस खाऊन हे झाड टिकत नाही. आणि पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेच्या दुपारी पानं पांढरट भाजतात, तिथे पातळ पडदा द्या.

असं काहीच जमण्यासारखं नसेल तर दार बंद राहणाऱ्या खोलीत झाडाच्या वर ३० ते ४० सेंटिमीटरवर १२ वॉटचा पांढरा एलईडी दिवा लावून तो रोज दहा-बारा तास चालू ठेवा. झाड त्यावर नीट वाढतं.

पुष्कळ जण हे झाड झोपायच्या खोलीत ठेवतात, हवा शुद्ध होते म्हणून. त्या समजुतीचं मूळ नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगात आहे. तो लहान, बंद पेट्यांमध्ये केलेला होता. उघड्या-मिटत्या दारांच्या खोलीत एक-दोन कुंड्यांनी हवेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. मांजर रात्री ज्या खोलीत झोपतं तिथे झाड ठेवण्याचं हे कारण होऊ शकत नाही.

कुत्र्यासाठी सत्तर-ऐंशी सेंटिमीटर उंच, जड स्टँड पुरतो. उंच पानांचं झाड हलक्या प्लॅस्टिकच्या कुंडीत असेल तर एका धक्क्यात उलटतं, ते रुंद बुडाच्या मातीच्या कुंडीत हलवा.

चघळण्याची सवय

मांजरानं हिरवं खाणं हा आजार नव्हे, ती त्याची नैसर्गिक वागणूक आहे. त्यामुळे नुसती मनाई टिकत नाही, बदली काहीतरी द्यावं लागतं. गहू किंवा जव आठ-दहा तास भिजवा, उथळ ट्रेमध्ये तीन सेंटिमीटर मातीत दाट पेरा, आठवड्यात बोटभर उंच हिरवळ येते. दर आठवड्याला नवा ट्रे लावा, कारण दहा-बारा दिवसांनी पाती राठ होतात आणि मांजर पुन्हा जुन्या झाडाकडे वळतं. ट्रे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नको. मांजर ज्या जागी पानं कुरतडायचं, नेमका तिथे ठेवा.

कुत्र्याच्या पिल्लाला दात शिवशिवतात त्या महिन्यांत रबरी खेळणी गार करून द्या, आणि झाड सरळ नजरेआड ठेवा.

पानांवर तिखट, व्हिक्स, टी ट्री किंवा निलगिरीचं तेल लावू नका. कुंडीत डांबराच्या गोळ्या नकोत, आजूबाजूला फिनेल नको. मांजराचं यकृत फिनॉलसारखी द्रव्यं नीट निकामी करू शकत नाही. पानापेक्षा हे उपाय कितीतरी जास्त घातक आहेत. बाजारातला जनावरांसाठीचा कडू फवारा चालतो, पण तो दर दोन-तीन दिवसांनी मारावा लागतो आणि काही मांजरांना त्याचं काही वाटत नाही. माती उकरणं थांबवायला कुंडीच्या तोंडावर रुंद छिद्रांची प्लॅस्टिक जाळी बसवा. गोटे ठेवायचेच तर पाच सेंटिमीटरपेक्षा मोठे, पिल्लू गिळणार नाही असे, आणि मध्ये फटी ठेवून, नाहीतर माती सुकत नाही.

कुंडीतलं दुसरं विष

पान खाऊन जनावर गंभीर झालं असं वाटतं तेव्हा काही वेळा दोष पानाचा नसतो, कुंडीत घातलेल्या खताचा किंवा औषधाचा असतो. एरंडी पेंडीत रायसिन हे जहाल विष असतं. तिचा वास कुत्र्यांना आवडतो, आणि काही तासांनी ते दोन दिवसांत रक्ताचे जुलाब सुरू होऊन जनावर दगावू शकतं. जनावर असलेल्या घरात एरंडी पेंड आणूच नये. हाडांचा चुरा विषारी नसला तरी कुत्रे तो माती उकरून खातात आणि पोटात त्याचा घट्ट गोळा होतो. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी झटके येतात. थायमेट नावानं ओळखल्या जाणाऱ्या फोरेट या कीटकनाशकावर भारतात २०२० च्या अखेरीस बंदी आली. जुनी पुडी घरात असेल तर ती कुंडीत घालू नका. स्नेक प्लांटला वर्षातून दोनदा मूठभर गांडूळखत पुरतं.

पानांच्या बुडाशी कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा, दर आठवड्याला, तीन-चार वेळा. पान पूर्ण सुकेपर्यंत जनावर लांब.

सगळं करूनही थांबत नसेल तर

काही मांजरं ऐकत नाहीत, आणि तीन-चार वेळा उलट्या होऊनही पुन्हा त्याच झाडाकडे जातात. तिथे झाड देऊन टाकणंच बरं. जागी अरेका पाम, बोस्टन फर्न, कॅलेथिया, पेपरोमिया किंवा स्पायडर प्लांट आणता येतो. कमी पाण्यावर जगणारंच हवं तर हॉवर्थिया. ही झाडं मांजर-कुत्र्यांसाठी बिनविषारी गणली जातात, अर्थात पोटभर खाल्ली तर कुठल्याही पाल्यानं उलटी होईलच. मनीप्लांट, झेडझेड, डिफेनबेकिया आणि पीस लिली मात्र बदली म्हणून आणू नका, त्यांच्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तोंड सुजतं. कोरफड आणि जेडही नकोत. खरी लिली आणि डे लिली मांजराच्या घरात पुष्पगुच्छातूनसुद्धा येऊ देऊ नका, परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सायकस, ज्याला नर्सरीत सागो पाम म्हणतात, तो कुत्र्याच्या यकृताला तितकाच घातक.

झाड देताना घेणाऱ्याच्या घरी जनावर आहे का ते विचारा. छाटलेली पानं आणि कंद पिशवीत घट्ट बांधून ओल्या कचऱ्यात टाका. उघड्या डब्यात ठेवली तर मांजर रात्री तिथूनच ओढून काढतं.